नाखव्याचं वावडं

आमच्या घरात मासळी पहिल्यांदा आली ती औषधाच्या कामासाठी. तोवर आमच्या अंगणात माशाचा काटासुद्धा टिकत नसे. कावळ्याने टाकलाच, तर सासूबाई तेवढी जागा शेणाने सारवून घ्यायच्या. आणि त्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी गोठ्यामागे पदर खोचून बसले होते, पुढ्यात दगडी खल, खलात सुके बोंबील. गावातली सगळी मांजरं कुंपणावर ओळीने बसून माझ्याकडे बघत होती.

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या पुढेमागची. मी एकोणीस वर्षांची होते. माहेर माणगावच्या बाजूला, भातखाचरांच्या मुलखात. सासर अलिबागपासून टांग्याने दोन तासांवर, अगदी समुद्राला लागून. घरामागे आमची लहानशी नारळ-सुपारीची वाडी, वाडीपलीकडे कोळीवाडा आणि मग वाळू. घरात माणसं तीनच: सासूबाई, मी आणि आमचे हे. हे डॉक्टर. ओटीवर एक टेबल, एक लांब बाक आणि काचेचं कपाट एवढाच त्यांचा दवाखाना. आसपासच्या पाचसात गावांत दुसरा डॉक्टर नव्हता.

यांना वाचनाचा भारी नाद. मुंबईहून टपालाने डॉक्टरी मासिकं यायची, ती जेवतानाही ताटाशेजारी उघडी असायची. एकदा ताक समजून यांनी तांदळाचं धुवण पिऊन टाकलं आणि "आज ताक पातळ झालंय" एवढंच म्हणाले. सासूबाई मला म्हणाल्या, "याला काहीही वाढ. फक्त मासिक काढून घेऊ नकोस, उपाशी उठेल."

त्या वर्षी या वाचनाला एक माणूस सापडला. कोळीवाड्यातला एक नाखवा. मासळी धरणाऱ्या आणि मुंबईला मालाच्या खेपा करणाऱ्या शिडाच्या मचव्याचा मालक, चाळिशीचा, दारात उभा राहिला तर ओटीवर अंधार पडावा एवढा धिप्पाड. आवाज असा की तो मचव्यावरून ओरडला तर आमच्या विहिरीवर ऐकू यायचं. या माणसाला तीन वर्षांपासून दमा लागला होता. आधी शिंका, मग डोळ्यांतून पाणी, मग छातीत बासरी वाजल्यासारखा आवाज. पहिल्यांदा मी त्याला बघितलं तेव्हा त्याची बायको आणि भाऊ त्याला दोन्हीकडून धरून घेऊन आले होते. बाकावर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून तो एकेक श्वास ओढत होता. एवढा मोठा माणूस, आणि डोळ्यांत लहान मुलाची भीती. यांनी दंडात ॲड्रेनलिनची सुई टोचली. पंधरावीस मिनिटांनी त्याचे खांदे खाली आले. त्याने मान वर केली आणि पहिलं वाक्य बोलला ते माझ्याकडे बघून, "बाय, भिलाव न्हाय ना तुमी?"

या दम्याचं कारण गावाने केव्हाच ठरवून टाकलं होतं. मासळी बाधते. कोणा वैदूने तसं सांगितलं, घरच्यांनी मानलं आणि फाल्गुनापासून नाखव्याने मासळी सोडली. आठ महिने हा कोळी डाळभात खात होता. घरात बायको मासळी रांधायची, पोरं खायची आणि हा पडवीत तोंड फिरवून बसायचा. दमा मात्र जागच्या जागी. आता त्याच वैदूचं म्हणणं पडलं होतं की नुसतं खाणं सोडून भागणार नाही, वाससुद्धा नको. मचवा विका, दर्या सोडा आणि मुंबईला एखाद्या गिरणीत लागा.

हे सांगताना नाखवीण ओटीच्या पायरीवर बसली होती. ती रडत नव्हती. तिला राग आला होता. "डाक्तर," ती म्हणाली, "ह्यो दर्या सोडून गिरनीत गेला तर दम्याच्या आदी तितंच मरंल. तुमी सांगा, मासळीच हाय का दुसरं काय हाय?"

"मला ठाऊक नाही," हे म्हणाले. "पण बघता येईल."

कसं बघायचं ते यांनी रात्रीच्या जेवणात मला आणि सासूबाईंना समजावून सांगितलं. काही माणसांचं शरीर एखाद्या साध्या वस्तूवर उगाचच चवताळतं. इतरांना त्या वस्तूने काही होत नाही. परदेशातले डॉक्टर हल्ली असं करतात की संशय येईल त्या त्या वस्तूचा अर्क काढायचा, हातावर सुईने अगदी वरवरचा ओरखडा काढायचा, रक्तही येऊ द्यायचं नाही, आणि त्यावर अर्काचा एक थेंब ठेवायचा. पाव तास थांबायचं. वस्तू निर्दोष असेल तर काही नाही. तीच चोर असेल तर तिथे गांधी उठते.

"मग मागवा की अर्क," मी म्हटलं.

"विलायतेहून मागवता येतील. पण तिथल्या माशांचे. तिकडे बोंबील कुठून असणार?"

मग हे आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघायला लागले. सासूबाईंना एका क्षणात कळलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"माझ्या घरात?" त्या म्हणाल्या.

"घरात नाही. गोठ्यामागे."

त्यांनी पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाल्या, "तो माणूस खरंच मचवा विकणार आहे?"

"विकायला लागेल."

"गोठ्याच्याही पलीकडे. आणि तो खल पुन्हा माझ्या दारात दिसला तर विहिरीत टाकेन. खलही आणि तुलाही."

अशी आमची प्रयोगशाळा सुरू झाली. नाखवीण रोज सकाळी टोपली घेऊन यायची. सुके बोंबील, जवळा, सोडे, मांदेली, सुरमई, हलवा, सरंगा, खेकडा. मला यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी मी कोळंबीला मासा म्हटलं तर ती इतकी हसली की टोपलीवर कलंडली. मग तिने मला शिकवायला घेतलं. कोणता खारा, कोणता गोडा, कोणाच्या पाठीत काटा, कोणाला बाजारात कोण विचारतं. मी मराठी सात यत्ता शिकले होते, म्हणून बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहिण्याचं आणि वही ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं. ती सांगायची आणि मी लिहायची. तेव्हाच्या रीतीप्रमाणे मी जोत्यावर आणि ती खाली. आज ते लिहिताना बरं वाटत नाही, पण तसं होतं. बोलण्यात मात्र वरखाली काही राहिलं नाही. लग्नानंतर मला त्या गावात मिळालेली ती पहिली मैत्रीण.

कृती अशी होती. मासळी कडक उन्हात वाळवायची, कुटून पीठ करायचं, ईथरमध्ये घोळून तिची चरबी काढायची, मग मिठाच्या उकळलेल्या पाण्यात दोन दिवस भिजत ठेवायची आणि शेवटी कागदातून गाळून ग्लिसरीन घालून बाटलीत भरायची. थंडावा राहावा म्हणून त्या बाटल्या ओल्या वाळूने भरलेल्या मडक्यात पुरून ठेवत असू. ईथर आणि बोंबील यांचा मिळून जो वास येतो त्याला कोणत्याच भाषेत शब्द नसेल. पहिले चार दिवस मला जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी लक्षात आलं की मला वासच येत नाहीये, आणि मी गुणगुणत काम करतेय.

माझ्या आयुष्यात मी तोवर रांधलं होतं, वाढलं होतं, उष्टी काढली होती. पण आपण हाताने केलेल्या वस्तूवरून काहीतरी खरं-खोटं ठरणार आहे, हा आनंद मला नवा होता.

नाखव्यावर करण्याआधी अर्क निर्धोक आहेत ना ते बघायचं म्हणून यांनी पहिले ओरखडे स्वतःच्या हातावर काढले. मग मी माझा हात पुढे केला. तेवढ्यात सासूबाई आल्या.

"काय चाललंय?"

"काही नाही, जवळ्याचा एक थेंब..."

"जवळा? पोरीच्या अंगात जवळा घातलास तू?" त्यांनी कपाळाला हात लावला. मग वाकून माझा हात निरखून बघितला आणि म्हणाल्या, "दुखतंय का गं?" मी नाही म्हटलं. "मग ठीक. पण आंघोळ करूनच चुलीशी ये."

नाखव्याची तपासणी तीन बैठकांत झाली. तो बाकावर बसायचा, तो राकट, डांबराचे डाग पडलेला हात टेबलावर ठेवायचा आणि सुई दिसली की डोळे गच्च मिटायचा. वादळात मचवा हाकणारा माणूस. नाखवीण त्याला म्हणायची, "अवो, मुंगीयेवढी सुई हाय ती." प्रत्येक वेळी एक ओरखडा नुसत्या मिठाच्या पाण्याचा ठेवायचा, तुलनेसाठी. मग हे घड्याळ हातात घेऊन बसायचे, मी वही घेऊन आणि नाखवा श्वास रोखून.

बोंबील, काही नाही. जवळा, काही नाही. कोळंबी, खेकडा, सुरमई, काही नाही. तिसऱ्या बैठकीच्या शेवटी अठरा अर्क संपले आणि हातावर अठरा साधे ओरखडे. यांचा चेहरा उतरला. एवढे दिवस कुटलं, गाळलं, आणि हाती शून्य.

नाखव्याने मात्र एक डोळा उघडला. "म्हंजी डाक्तर, मासळी न्हाय?"

"तसं दिसतंय. पण ओरखड्यावरून सगळंच कळतं असं नाही. खाऊन बघायला लागेल. माझ्यासमोर, थोडं थोडं."

नाखव्याने दुसरा डोळा उघडला. "खाऊन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वाडीच्या टोकाला तीन दगडांची चूल मांडली गेली. नाखवीण नवी साडी नेसून आली होती, जणू घरात लग्न आहे. तिने सुरमईला हळद-मीठ चोळलं, तव्यावर तुकडी टाकली. चर्र आवाज झाला आणि नाखवा नारळाला टेकून उभा होता तो खाली बसला. हे शेजारी स्टुलावर, मांडीवर सुईची पेटी उघडी ठेवून. आधी नखाएवढा तुकडा. अर्धा तास थांबले. मग बोटाएवढा. पुन्हा अर्धा तास. शेवटी यांनी मान डोलावली आणि नाखव्याने अख्खी तुकडी हातात घेतली.

तो कसा खात होता ते मला अजून दिसतं. घाई नाही. काटे चोखून चोखून, डोळे मिटून. मिशीवरून डोळ्यांतलं पाणी वाहत होतं. हे घाबरून उठले, "पाणी येतंय डोळ्यांतून? शिंक येतेय?"

"न्हाय वो डाक्तर," नाखवीण म्हणाली, "रडतोय तो. खाऊ द्या त्याला."

दुपारपर्यंत त्याला काही म्हणता काही झालं नाही. सासूबाई मागच्या दारात नाकाला पदर लावून सगळा वेळ उभ्या होत्या. मी आत आले तेव्हा त्यांनी विचारलं, "पोट भरलं का त्याचं?"

कोळीवाड्यात त्या दिवशी सण झाला. पण दहाव्या दिवशी नाखव्याला पुन्हा धाप लागली आणि दंडात पुन्हा सुई टोचायला लागली. मासळी निर्दोष सुटली होती, पण चोर सापडला नव्हता.

मग आम्ही दिसेल त्या वस्तूचा अर्क काढायचा सपाटा लावला. जाळ्याचा ताग, जाळी रंगवायची साल, उशीतला कापूस, कोंबडीचं पीस, मचव्याच्या तळाला खरवडलेली घाण. सगळ्याला उत्तर एकच. यांनी मला सांगितलं, "आता नुसते अर्क नकोत. तू तिला विचारून लिहून काढ. धाप लागली त्या दिवशी तो कुठे होता, काय करत होता, कुठे झोपला."

नाखविणीला तारखा ठाऊक नव्हत्या, पण तिला सण, भरती-ओहोटी आणि कोण पाहुणा घरी होता हे सगळं पक्कं आठवायचं. तिच्या आठवणीवरून मी मागच्या वर्षभरातले झटके वहीत उतरवले. त्यातून एवढं दिसलं की पावसाळ्यात, मचवा किनाऱ्यावर ओढलेला असताना, त्रास कमी असतो पण अगदी जात नाही. थंडीपासून वैशाखापर्यंत, मुंबईच्या खेपा चालू असताना, सगळ्यात जास्त. आणि नाखविणीच्या माहेरी दोघं लग्नाला गेले, आठ दिवस राहिले, तेव्हा एकदाही नाही.

"सासऱ्याच्या घरी बरा असतो म्हणजे घरजावई व्हायला सांगा," सासूबाई म्हणाल्या. हे हसले नाहीत. ते वहीकडे बघत राहिले.

पौषातली सकाळ होती. नाखवा आणि नाखवीण आमच्या अंगणात बसले होते. त्याला बरं वाटत होतं, कालवं काढायला गेलेल्या कोणाची तरी नक्कल करून तो मला हसवत होता. तेवढ्यात मागच्या बाजूने बैलगाडी आली. आमच्या सुपारीसाठी खत आलं होतं, दरवर्षी यायचं तसं. एरंडीची पेंड, म्हणजे एरंडीचं तेल काढून उरलेला चोथा. गाडीवाल्याने पोती खाली टाकली, एक पोतं उसवलं आणि तपकिरी धुरळा अंगणावरून वाऱ्याबरोबर आला.

मला काही झालं नाही. सासूबाईंना काही झालं नाही. नाखव्याने एक शिंक दिली. मग दुसरी. मग दहा-बारा. नक्कल अर्ध्यात राहिली. डोळे लाल झाले आणि बघता बघता छातीत ती बासरी वाजायला लागली.

हे धावत आले, सुई टोचली, त्याला ओटीवर आणून बसवलं. त्या गडबडीत नाखवीणही ओटीवर आली, त्याची पाठ चोळत माझ्याशेजारी बसली, आणि कोणाच्या ते ध्यानातही आलं नाही. हे तिला विचारत होते, "आज काय खाल्लं होतं? येताना कुठे थांबला होता?"

मी म्हटलं, "अहो, पेंड."

"काय?"

"पेंड. आत्ता गाडी आली तोवर नाखवा नक्कल करत होता."

यांनी अंगणाकडे बघितलं. मी नाखविणीला विचारलं, "मुंबईहून येताना मचव्यात काय भरून आणता तुम्ही?"

"काय म्हंजी? पेंड. समद्या वाडीवाल्यांची पेंड आमच्याच मचव्यातनं येते. ह्यो आजारी म्हनून औंदा दीर घेऊन आला." मग तिचा हात पाठीवरच थांबला. "बाय... आन ती रिकामी गोनपाटं हायत ना, ती मी शिवून हातरूण केलंय. ह्यो त्याच्यावरच झोपतो."

 मग हे एकदम म्हणाले, "पण एरंडेल तर मीच दिलंय त्याला. दोनदा! काही झालं नव्हतं."

"तेल निराळं आणि चोथा निराळा," सासूबाई आतून म्हणाल्या. "तेलात सगळंच उतरतं असं नाही. तिळाच्या तेलाला चोथ्याची चव असते का?"

यांनी माझ्या हातातली वही ओढून घेतली आणि तिच्यात 'चोथा' असं लिहिलं.

नाखवा पूर्ण बरा होऊन आठवडा गेला, तेव्हा पेंडीचा ओरखडा काढायचं ठरलं. या वेळी हे घाबरलेले होते. एवढ्या धुरळ्याने ही दशा, तर अर्काने काय होईल? म्हणून त्यांनी अर्क पाण्यात मिसळला, त्यातला थेंब पुन्हा पाण्यात, त्यातला पुन्हा पाण्यात, असा इतका पातळ केला की बाटलीत नुसतं पाणीच दिसत होतं. सुई भरून तयार. अर्क अंगात चढू लागला तर दंडाला वर आवळायला फडका तयार. ओरखडा, त्यावर तो थेंब आणि घड्याळ.

पाच मिनिटं झाली असतील. नाखवा म्हणाला, "खाजतंय." आठव्या मिनिटाला गांधी रुपयाएवढी झाली, पांढरी, भोवती लालभडक. शेजारचा मिठाच्या पाण्याचा ओरखडा जसाच्या तसा. यांनी लगेच थेंब पुसून घेतला, फडका आवळला, पण पुढे काही वाढलं नाही. आणि मग दवाखान्यात जे झालं ते कोणी बाहेरच्याने बघितलं असतं तर आम्हाला वेडे ठरवलं असतं. एका माणसाच्या हाताला सूज आली म्हणून चार माणसं आनंदाने ओरडत होती. नाखवा तो हात वर धरून अंगणात धावला. वाटेने जाणाऱ्या पोस्टमनला दाखवला, विहिरीवरच्या बायकांना दाखवला. "गावला! चोर गावला!"

सासूबाई बाहेर आल्या. "म्हणजे याला पेंडीचं वावडं आहे, एवढंच ना?"

हे गर्रकन वळले. "काय म्हणालीस?"

"वावडं. एखाद्याला दुधाचं असतं, एखाद्याला अळवाचं असतं. याला पेंडीचं."

कित्येक महिने हे 'ॲलर्जी' या परदेशी शब्दाला मराठी शब्द शोधत होते. कागदावर दहा-बारा संस्कृत शब्द लिहून खोडले होते. त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'वावडं' लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

औषध काही विशेष नव्हतं. पेंडीपासून दूर राहायचं. गोणपाटाची अंथरुणं गावाबाहेर नेऊन पुरली. नाखव्याच्या भावाने मचवा तळापासून खाऱ्या पाण्याने घासला, एकदा नव्हे तर तीनदा, आणि तोवर नाखवा किनाऱ्यावर लांब, वाऱ्याच्या उलट अंगाला बसून त्याच्यावर ओरडत राहिला. पेंडीच्या खेपा दुसऱ्या मचव्याने घेतल्या आणि त्या बदल्यात नाखव्याला त्यांच्या कौलांच्या खेपा मिळाल्या. लगेच सगळं संपलं असं नाही. माघात एकदा धाप लागली, मचव्याच्या फळ्यांच्या फटीत उरलेल्या भुकटीने असावी. पण शिमग्याला तो कोळीवाड्यातल्या होळीभोवती नाचला. पहाटेपर्यंत नाचला, असं नाखवीण सांगत आली. तिचा स्वतःचा आवाज गाऊन बसला होता.

यांनी मुंबईच्या आपल्या जुन्या गुरुजींना सगळं कळवलं. त्यांचं उत्तर आलं की एरंडीच्या चोथ्याचा असा त्रास इतरांनीही बघितला आहे, तुमचा तर्क बरोबर आहे, आणि टिपणं फार नीट ठेवली आहेत. हे शेवटचं वाक्य यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. मी ते पत्र नंतर एकटीने आणखी तीनदा वाचलं.

बातमी पसरली आणि आमच्या ओटीवर वावड्यांची जत्रा भरली. एका मास्तरांना खात्री होती की त्यांना शाळेचंच वावडं आहे. आंब्याच्या दिवसांत तोंड सुजणारी एक मुलगी आली, तिला आंब्याचा नव्हे तर देठाच्या चिकाचा त्रास होता, ते एका दिवसात उलगडलं. पोस्टमनच्या शिंकांचं कारण मात्र आम्हाला कधीच सापडलं नाही. त्याच्यावर तीस-बत्तीस अर्क झाले. तो बिचारा शेवटपर्यंत शिंकत पत्रं वाटत राहिला, पण शिंक आली की लोकांना पत्र आल्याचं कळायचं, असं तोच हसून सांगायचा.

आणि एके दिवशी सासूबाई येऊन बाकावर बसल्या. त्यांनी हात टेबलावर ठेवला.

"वांग्याचा कर," त्या म्हणाल्या.

वीस वर्षं त्या वांगं खात नव्हत्या. बाधतं म्हणायच्या. आमच्या घरात वांगं शिजतच नसे. यांनी अर्क काढला, ओरखडा काढला. पाव तास झाला, अर्धा तास झाला. काही नाही.

"पुन्हा कर," सासूबाई म्हणाल्या. पुन्हा केलं. काही नाही. मग मीच भीत भीत थोडी भाजी करून वाढली. त्यांनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी ठणठणीत. त्या दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंना वांगं फार आवडायचं. रोज तेच. मला कंटाळा आला होता. तसं कसं सांगणार?" आणि स्वतःच हसायला लागल्या. मी त्यांना एवढं मोकळं हसताना पहिल्यांदाच बघितलं.

त्या चैत्रात गुरुजींनी यांना मुंबईला बोलावलं, चार डॉक्टरांसमोर ही हकिगत सांगायला. रेवसहून आगबोट होती, पण नाखव्याने ऐकूनच घेतलं नाही. "डाक्तर माज्या मचव्यातनं जानार." मी आणि वहीही बरोबर. सासूबाईंनी लाडू बांधून दिले, नाखव्यासाठी वेगळे बांधले, आणि किनाऱ्यापर्यंत पोचवायला आल्या.

मी समुद्रात पहिल्यांदाच जात होते. शीड भरलं, मचवा एका अंगाला कलला आणि गाव मागे लहान होत गेलं, आमची वाडी, कोळीवाडा, वाळवायला टांगलेली मासळी. नाखवा सुकाणूवर उभा राहून गात होता, भल्या मोठ्या आवाजात, एकही श्वास न अडकता. नाखवीण साथ करत होती. आणि आमचे हे, ज्यांनी भाषण पाठ करायचं ठरवलं होतं, ते कडेला ओणवे होऊन सगळे लाडू दर्याला अर्पण करत होते. नाखव्याने सुकाणू भावाच्या हाती दिलं, येऊन यांचं कपाळ धरलं आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "लांब बगा डाक्तर, पान्याकडं न्हाय. तितं, आभाळाकडं बगा. सावकाश श्वास घ्या. व्हय, आसंच."

नाखविणीने लिंबू कापून दिलं. हे लिंबू चोखत, पांढरेफटक, आभाळाकडे बघत बसले. मी वही पदरात गुंडाळून पुढच्या टोकाला जाऊन उभी राहिले. तोंडावर पाणी उडत होतं आणि वारा चांगला होता.